संस्थेशी जोडलेली माणसे आणि त्यांच्या नोंदी: सामाजिक संस्थांसाठी संबंध व्यवस्थापनाचा आराखडा

नागपुरातल्या एखाद्या सामाजिक संस्थेच्या कार्यालयात जाऊन ‘तुमचे देणगीदार किती?’ असे विचारले, तर उत्तरासाठी बहुधा तीन ठिकाणी पाहावे लागते: लेखापालाच्या टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, सचिवांच्या मोबाइलमध्ये आणि कपाटातल्या पावती पुस्तकांच्या स्थळप्रतींत. तिन्ही ठिकाणचा आकडा वेगळा येतो. स्वयंसेवक किती, याचे उत्तर तर बऱ्याचदा एखाद्या व्हॉट्सअॅप ग्रुपमधील सदस्यसंख्या पाहूनच दिले जाते.

मी ज्या संस्थेत काही वर्षे काम केले, तेथून एका दिवाळीत धरमपेठेतील एका ज्येष्ठ देणगीदारांच्या नावे शुभेच्छापत्र गेले. ते गृहस्थ सात महिन्यांपूर्वी निवर्तले होते. ही बातमी संस्थेत कोणालाच ठाऊक नव्हती असे नाही. आमची एक कार्यकर्ती त्यांच्या घरी सांत्वनाला जाऊनही आली होती. परंतु जे तिला माहीत होते ते यादीपर्यंत पोचले नाही, कारण ते कोठे लिहायचे हेच ठरलेले नव्हते. त्यांच्या मुलाने ते पाकीट न फोडता कार्यालयात आणून दिले आणि एक शब्दही न बोलता तो निघून गेला. एका माणसाला कळलेली गोष्ट संस्थेला कळावी, आणि तो माणूस संस्था सोडून गेला तरी ती संस्थेत राहावी, अशी सोय लावणे म्हणजे संबंध व्यवस्थापन, ही व्याख्या मी त्या दिवसापासून धरून आहे. ‘कस्टमर रिलेशनशिप मॅनेजमेंट’ या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून ज्याला ‘सीआरएम’ म्हणतात ते सॉफ्टवेअर हा या सोयीचा एक भाग आहे, आणि तो सर्वांत शेवटी येतो.

आधी हेतू, तोही एका पानात

काम सुरू करण्यापूर्वी कार्यकारिणीने एका बैठकीत बसून येत्या वर्षात नेमके काय सुधारायचे आहे हे लिहून काढावे. ‘देणगीदारांशी संबंध दृढ करणे’ असे वाक्य लिहिल्याने काहीही साधत नाही, कारण ते झाले की नाही हे वर्षअखेर कोणालाच सांगता येत नाही. त्याऐवजी ‘गेल्या वर्षी देणगी देऊन यंदा न दिलेल्या प्रत्येकाशी सप्टेंबरपूर्वी एकदा बोलणे’, ‘प्रत्येक पावती तीन दिवसांत पोचवणे’, ‘शिष्यवृत्ती मिळालेल्या मुलांचा संपर्क शिक्षण संपल्यावरही दोन वर्षे टिकवणे’ अशी वाक्ये असावीत. तीन हेतू पुरेत. पाच-सात हेतू धरलेल्या संस्थांमध्ये नोंदीचे रकाने इतके वाढतात की दुसऱ्या महिन्यापासून ते रिकामे राहू लागतात.

कोण कोण जोडलेले आहे

यानंतर एका मोठ्या कागदावर संस्थेशी संबंध येणाऱ्या सर्वांची मांडणी करावी. देणगीदार आणि स्वयंसेवक लगेच आठवतात. राहून जातात ते लाभार्थींचे पालक, संस्थेतून शिकून बाहेर पडलेली मुले, विनामूल्य तपासणी करणारे डॉक्टर, कळमन्याच्या बाजारातून दरवर्षी गव्हाची पोती पाठवणारे व्यापारी, जुने विश्वस्त आणि बातमी छापणारे पत्रकार.

एका माणसाच्या अनेक भूमिका असतात, ही गोष्ट या टप्प्यावरच मान्य करावी लागते. शनिवारी वस्तीत गणित शिकवायला येणाऱ्या निवृत्त शिक्षिका त्याच वेळी देणगीदार असतात, त्यांच्या भाच्याने कंपनीकडून संगणक मिळवून दिलेले असतात आणि त्या स्वतः संस्थेच्या आजीव सदस्यही असतात. देणगीदारांची यादी वेगळी, स्वयंसेवकांची वेगळी आणि सदस्यांची वेगळी ठेवली, की या बाईंना एकाच आठवड्यात तीन पत्रे जातात आणि त्यांतल्या एकातही त्यांच्या शनिवारच्या वर्गाचा उल्लेख नसतो. म्हणून नोंद माणसाची करावी आणि भूमिका त्या नोंदीला जोडाव्यात.

शासकीय कार्यालये आणि कंपन्या यांच्या बाबतीत मात्र उलट करावे लागते. जिल्हा परिषदेतील किंवा महानगरपालिकेतील अधिकारी बदलून जातात, पद तेथेच राहते; त्यामुळे मुख्य नोंद कार्यालयाची आणि पदाची असावी व त्या पदावर सध्या कोण आहे हे तारखेसह लिहावे. कंपन्यांचेही तसेच आहे. वेस्टर्न कोलफिल्ड्स आणि मॉइल यांची मुख्यालये नागपुरात आहेत, तर बुटीबोरी आणि हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतींतील अनेक कारखान्यांची मुख्यालये दुसऱ्या शहरांत असतात. अशा कारखान्यात आपल्याला ओळखणारा अधिकारी एक आणि सामाजिक दायित्वाच्या निधीवर सही करणारा अधिकारी दुसरा, अशी स्थिती असते. कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार पात्र कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते आणि हा निधी घेणाऱ्या संस्थेची सीएसआर-१ (‘सीएसआर’ म्हणजे कंपन्यांचे सामाजिक दायित्व) नोंदणी असावी लागते. तो नोंदणी क्रमांक, कराराची मुदत, हप्त्यांच्या तारखा आणि निधी कसा वापरला याचे उपयोगिता प्रमाणपत्र कधी द्यायचे ही माहिती त्या कंपनीच्या नोंदीतच एकत्र सापडली पाहिजे.

सध्याची माहिती कोठे आणि कशी पडून आहे

हा शोध घेण्यासाठी दोन आठवडे राखून ठेवावेत. पावती पुस्तके, बँकेची विवरणे, टॅली, एक्सेलच्या फायली, कार्यक्रमांच्या उपस्थिती वह्या, फोनमधील संपर्क आणि व्हॉट्सअॅप ग्रुप या सर्वांची यादी करून प्रत्येकापुढे ती माहिती कोणाकडे आहे, शेवटची भर केव्हा पडली आणि अंदाजे किती नावे आहेत हे लिहावे.

मराठी संस्थांमध्ये येथे एक खास अडचण उभी राहते. जुन्या संगणकांवर केलेल्या याद्या युनिकोडपूर्व फाँटमध्ये, म्हणजे सर्व संगणकांना समजणारी आजची प्रमाण अक्षरपद्धत येण्याआधीच्या फाँटमध्ये, असतात. कागदावर छापल्यावर त्या व्यवस्थित दिसतात, पण नव्या प्रणालीत नेल्या की अर्थहीन इंग्रजी अक्षरे उमटतात आणि शोध चालत नाही. अशा याद्या रूपांतरक वापरून युनिकोडमध्ये आणाव्यात आणि प्रत्येक नाव डोळ्यांनी तपासावे, कारण जोडाक्षरे, रफार आणि पहिली वेलांटी हमखास बिघडतात.

दुसरी अडचण नावांच्या लेखनाची. वानखडे आणि वानखेडे ही दोन आडनावे आहेत की एकाच माणसाचे नाव दोघांनी दोन प्रकारे लिहिले आहे, हे यादी पाहून कळत नाही; इंग्रजीत तेच नाव आणखी तीन प्रकारे लिहिलेले असते. कोणी वडिलांचे नाव पूर्ण लिहितो, कोणी केवळ आद्याक्षर, तर लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रियांच्या दोन स्वतंत्र नोंदी तयार झालेल्या असतात. म्हणून प्रत्येक व्यक्तीसाठी नावाचे दोन रकाने ठेवावेत: एक देवनागरीत, ज्या नावाने त्यांना पत्र लिहायचे ते, आणि दुसरा पॅन कार्डावर आहे तसा. मोबाइल क्रमांकावरून दुहेरी नोंदी शोधता येतात, पण तो क्रमांक माणसाची एकमेव खूण धरू नये. वस्तीतील एका घरात पाच जणांमध्ये एकच फोन असतो, आणि उतारवयातील देणगीदारांनी बऱ्याचदा मुलाचा क्रमांक दिलेला असतो.

नोंदीचा साचा

प्रत्येक रकाना ठेवण्यापूर्वी ‘ही माहिती आपण केव्हा आणि कशासाठी वापरणार?’ असे विचारावे. उत्तर नसेल तर रकाना काढून टाकावा. देणगीदारांच्या बाबतीत बरेच रकाने कायदाच ठरवून देतो. देणगीदाराला आयकरात वजावट मिळवून देणारी ८०जी मान्यता असलेल्या संस्थेला वर्षभराच्या देणग्यांचे विवरण फॉर्म १०बीडीमध्ये भरावे लागते आणि देणगीदाराला फॉर्म १०बीईमधील प्रमाणपत्र द्यावे लागते. या दोन्हींची मुदत आर्थिक वर्ष संपल्यानंतर ३१ मेपर्यंत आहे आणि विलंब झाल्यास दिवसाला २०० रुपये शुल्क लागते. विवरणात देणगीदाराचे नाव, पत्ता, ओळख क्रमांक, देणगीचा प्रकार आणि ती कोणत्या मार्गाने मिळाली हे द्यावे लागते, म्हणून हे पाचही तपशील देणगी घेतानाच नोंदवले गेले पाहिजेत. मे महिन्यात, पारा ४५ अंशांपुढे गेलेला असताना आणि निम्मी मंडळी गावाला गेलेली असताना, पॅन क्रमांकासाठी दीडशे जणांना फोन करण्याची वेळ ज्यांच्यावर आली आहे त्यांना याचे महत्त्व वेगळे सांगावे लागणार नाही. १ एप्रिल २०२६ हा नवा आयकर कायदा लागू होण्याचा दिनांक असल्याने कलमांचे व फॉर्मचे क्रमांक बदलतात. आपल्या सनदी लेखापालांकडून ते तपासून घेऊनच साच्यात लिहावेत.

दोन हजार रुपयांपेक्षा अधिक रोख देणगीवर ८०जीची वजावट मिळत नाही, हे पावती फाडणाऱ्या प्रत्येकाला माहीत असावे. त्याचप्रमाणे, नव्या करप्रणालीत गेलेल्या पगारदारांना ही वजावट मुळातच मिळत नाही. करसवलत हेच देणगी मागण्याचे मुख्य कारण ठेवणाऱ्या संस्थांनी त्याचा गंभीरपणे विचार करावा.

यूपीआयने येणाऱ्या रकमा ही आजची मोठी गळती आहे. क्यूआर कोड स्कॅन करून कोणी ५०१ रुपये पाठवतो, बँकेच्या विवरणात एक यूपीआय पत्ता आणि १२ अंकी संदर्भ क्रमांक उमटतो, पण पाठवणारा कोण हे कळत नाही. नाव-पत्त्याची नोंद नसलेली देणगी कायद्याने निनावी ठरू शकते आणि विहित मर्यादेपलीकडील निनावी देणग्यांवर ३० टक्के दराने कर लागू शकतो. म्हणून क्यूआरच्या फलकाखाली ‘रक्कम पाठवल्यावर आपले नाव, पत्ता व पॅन या क्रमांकावर कळवावे’ अशी ओळ ठळक लिहावी आणि आठवड्यातून एक दिवस विवरणातील अनोळखी रकमा जुळवण्यासाठी ठेवावा.

परदेशातून येणाऱ्या रकमांसाठी नोंदीत स्वतंत्र खूण हवी. भारतीय पारपत्र असलेल्या अनिवासी व्यक्तीने आपल्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी विदेशी योगदान ठरत नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या व्यक्तीची देणगी ठरते, मग ती व्यक्ती मूळची नागपूरच्या महाल भागातली का असेना. असे योगदान एफसीआरए (विदेशी योगदान नियमन कायदा) नोंदणी किंवा पूर्वपरवानगीशिवाय स्वीकारता येत नाही आणि ते स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील ठरावीक खात्यातच यावे लागते. ‘अमेरिकेतले काका’ एवढ्या ओळखीवर पैसे स्वीकारण्यापूर्वी नागरिकत्वाचा रकाना भरलेला असावा.

आता एका रकान्याबद्दल सविस्तर लिहितो, कारण तो कोणत्याही तयार सॉफ्टवेअरमध्ये मला सापडलेला नाही. आपल्याकडील व्यक्तिगत देणग्यांचा मोठा भाग स्मृतिप्रीत्यर्थ येतो: वडिलांची पुण्यतिथी, आईचे वर्षश्राद्ध, नातवाचा पहिला वाढदिवस. यातील वाढदिवस इंग्रजी तारखेने येतात, पण पुण्यतिथी बहुतेक घरांत तिथीने पाळली जाते आणि ती दरवर्षी वेगळ्या तारखेला पडते. ‘वैशाख वद्य पंचमी’ अशी नोंद असलेल्या देणगीदाराला गेल्या वर्षीच्या तारखेला फोन केला, तर तिथी होऊन गेलेली असते किंवा अजून यायची असते, आणि अधिक मास आला तर तिथी सुमारे एकोणीस दिवस पुढे जाते. उपाय साधा आहे. ‘निमित्त’, ‘कोणाच्या नावे’ आणि ‘तिथी की तारीख’ असे तीन रकाने ठेवावेत आणि दरवर्षी गुढीपाडव्याच्या सुमारास नवे पंचांग घेऊन कोणीतरी एक दुपार बसून त्या वर्षीच्या तारखा भराव्यात. ज्या घरी ‘परवा बाबांची तिथी आहे, मुलांचे जेवण दरवर्षीप्रमाणे ठेवायचे ना?’ एवढेच विचारणारा फोन वेळेवर जातो, त्या घराला देणगीसाठी पत्र लिहावे लागत नाही.

लाभार्थींची माहिती ही ठेव आहे

देणगीदारांच्या नोंदी नीटनेटक्या ठेवणाऱ्या संस्थाही लाभार्थींच्या बाबतीत निष्काळजी असतात, आणि याचे मला मनापासून वाईट वाटते. आजार, जात, कौटुंबिक हिंसा, कर्ज यांची माहिती असलेली एक्सेल फाइल पाच कार्यकर्त्यांच्या फोनवर फिरत असते. देणगीदारांना पाठवायच्या अहवालात मुलीचा चेहरा, पूर्ण नाव आणि वस्तीचे नाव एकत्र छापले जाते.

डिजिटल व्यक्तिगत विदा (डेटा) संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. कागदावर घेऊन नंतर संगणकात भरलेल्या माहितीलाही तो लागू आहे. १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येणारी संमती लागते, आणि दिलेली संमती मागे घेणे हे ती देण्याइतकेच सोपे असले पाहिजे. संमतीची सूचना मराठीतून मिळण्याचा पर्यायही कायद्यात आहे. आपल्या कामात तर ती मराठीत, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी वाचून दाखवूनच द्यावी. ‘आम्ही तुमची ही ही माहिती लिहून घेत आहोत, ती अमुक कामासाठी वापरू, फोटो छापायचा असेल तर पुन्हा विचारू, आणि नको वाटल्यास या क्रमांकावर सांगा, आम्ही काढून टाकू’ एवढ्या चार वाक्यांत ते होते.

प्रणालीत लाभार्थींच्या नोंदी देणगीदारांच्या नोंदींपासून परवानगीच्या पातळीवर वेगळ्या ठेवाव्यात. देणग्या पाहणाऱ्याला समुपदेशनाची टिपणे दिसण्याचे काहीही कारण नाही.

संपर्काचे वर्ष

येथे प्रत्येक गटाला संस्था काय देऊ शकते हे ठरवावे, आणि जेवढे पाळता येईल तेवढेच ठरवावे. पहिल्यांदा देणगी देणाऱ्याला तीन दिवसांत पावती आणि दोन आठवड्यांत एक फोन. नियमित देणगीदारांना वर्षातून दोन पत्रे, त्यांतील एकात पैसे न मागता केवळ कामाची हकिगत. स्वयंसेवकाला पहिल्या दिवसानंतर आठवड्याच्या आत ‘कसे वाटले’ असा फोन. राष्ट्रीय सेवा योजनेतील विद्यार्थ्यांना वर्षाला १२० तासांची सेवा पूर्ण करायची असते. त्यांच्या तासांची नोंद ठेवून प्रमाणपत्र वेळेवर दिले, तर त्यांतील काही मुले पदवीनंतरही येत राहतात.

नागपूरचे स्वतःचे वेळापत्रक ध्यानात घ्यावे लागते. एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या पावसापर्यंत दुपारचे कार्यक्रम ठेवू नयेत. डिसेंबरमध्ये विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन येथे भरते, त्या काळात शासकीय अधिकाऱ्यांच्या भेटी मिळणे कठीण असते; ती कामे नोव्हेंबरमध्येच उरकावीत. स्नेहमेळाव्यासाठी जानेवारी-फेब्रुवारीची थंडी उत्तम.

व्हॉट्सअॅपची ब्रॉडकास्ट यादी २५६ जणांपुरती असते आणि ज्यांनी आपला क्रमांक जतन केलेला नाही त्यांना संदेश पोचतच नाही. हे अनेकांना माहीत नसते आणि ‘सर्वांना कळवले होते’ अशी समजूत करून घेतली जाते.

साधन निवडणे

पाचशेपर्यंत नोंदी आणि दोन-तीन माणसे असतील, तर नीट आखलेली गुगल शीट दोन वर्षे सहज पुरते. त्यापुढे सिव्हीसीआरएम हे खास ना-नफा संस्थांसाठी बनलेले मुक्तस्रोत सॉफ्टवेअर आहे. त्याला परवान्याचा खर्च नाही, पण सर्व्हर आणि देखभालीसाठी जाणकार माणूस लागतो. सेल्सफोर्स ही सीआरएम बनवणारी कंपनी पात्र संस्थांना काही परवाने मोफत देते, मात्र ते आपल्या कामाला जुळवून घेण्याचा खर्च मोठा असतो. कोणतेही साधन घेण्यापूर्वी आपल्याच पन्नास खऱ्या नोंदी भरून पाहाव्यात. देवनागरीत शोध लागतो का, १०बीडीला लागणारे रकाने एका फाइलमध्ये बाहेर काढता येतात का, पावती मराठीत छापते का आणि उद्या हे साधन सोडायचे ठरवले तर सर्व माहिती परत मिळते का, हे चार प्रश्न विक्रेत्याच्या सादरीकरणापेक्षा अधिक उपयोगी पडतात.

माणसे आणि सवय

एका व्यक्तीला नोंदींची जबाबदारी नावानिशी द्यावी आणि तिच्या आठवड्यातील सहा तास त्यासाठी लेखी राखून ठेवावेत. ‘सर्वांनी भरावे’ असे ठरले की कोणीच भरत नाही. क्षेत्रात फिरणाऱ्या ताईंना सॉफ्टवेअर शिकवण्याचा अट्टहास करू नये. त्यांनी परत आल्यावर व्हॉट्सअॅपवर एक मिनिटाचा ध्वनिसंदेश पाठवावा आणि नोंदी ठेवणाऱ्याने तो लिहून घ्यावा. आमच्याकडे हीच पद्धत टिकली. संस्थेचा फोन क्रमांक संस्थेच्या नावावर असावा. कार्यकर्ता सोडून जाताना त्याच्या निरोपसमारंभापूर्वी, त्याच्याच शेजारी बसून, तो ज्यांच्या संपर्कात होता त्या प्रत्येकाबद्दल दोन ओळी लिहून घ्याव्यात आणि नव्या माणसाची ओळख त्यानेच फोनवर करून द्यावी.

दरवर्षी एप्रिलमध्ये पाहायचे आकडे

सर्वांत बोलका आकडा टिकून राहिलेल्या देणगीदारांचा. समजा, मागील वर्षी २४० जणांनी देणगी दिली आणि त्यांतील १३२ जणांनी यंदा पुन्हा दिली, तर टिकाव ५५ टक्के. एकूण रक्कम वाढलेली असली तरी हा आकडा घसरत असेल, तर एखाद्या मोठ्या देणगीने उरलेली गळती झाकलेली असते. स्वयंसेवकांसाठीही असाच आकडा काढावा. पावतीला सरासरी किती दिवस लागले आणि किती नोंदींमध्ये पॅन अपूर्ण आहे, हेही त्याच बैठकीत पाहावे.

त्यानंतर, यंदा पुन्हा देणगी न दिलेल्या १०८ जणांची यादी छापून कार्यकारिणीच्या सदस्यांत वाटून घ्यावी, प्रत्येकी दहा-बारा नावे. फोनवर देणगीचा विषय काढू नये. बरेच दिवसांत बोलणे झाले नाही म्हणून फोन केला, एवढेच सांगावे आणि ऐकावे. कोणाचे घर बदललेले असते, कोणाकडे आजारपण असते, कोणाला गेल्या वर्षीची पावतीच मिळालेली नसते. जे कळेल ते त्याच दिवशी, फोन करणाऱ्याच्या नावासह आणि तारखेसह, त्या माणसाच्या नोंदीत लिहावे. कोणी गेल्याचे कळले, तर ते सर्वांत आधी लिहावे आणि दिवाळीच्या यादीतून ते नाव तेव्हाच काढावे.